जुन्या गाडीत एलईडी दिवे बसवल्यानंतरच्या तक्रारी : कोणती तपासणी आधी, कोणती नंतर

लक्षणे

मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका किंवा पहिल्या पिढीतील वॅगन आर अशा गाड्यांचे मूळचे तारेचे बल्ब काढून त्यांच्या जागी एलईडी बसवले, की ठरावीक तक्रारी पुन्हा पुन्हा समोर येतात. इंडिकेटर दिल्यावर तो दुप्पट वेगाने लुकलुकतो, किंवा लागतो आणि तसाच लागून राहतो. एका बाजूचा इंडिकेटर दिला असता चारही कोपरे मंद उघडझाप करतात. ब्रेक दाबल्यावर मागच्या दिव्याच्या उजेडात फरकच पडत नाही, किंवा ब्रेक सोडल्यावरही तो दिवा किंचित धुगधुगत राहतो. इंजिन संथ चालत असताना दिवे थरथरतात आणि ॲक्सिलरेटर दाबला की स्थिर होतात. हेडलाइटचा अप्पर दिल्याचा निळा दिवा डॅशबोर्डवर लागेनासा होतो. एफएमवर खरखर येते. नवे दिवे महिना-दोन महिन्यांत एकेक करून बंद पडतात. आणि गाडीत बसून कधीच न दिसणारे लक्षण म्हणजे समोरून येणारा प्रत्येक वाहनचालक आपल्याला अप्पर-डिपर देऊ लागतो.

नाशिकमध्ये या तक्रारींना ऋतू असतो. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ या पट्ट्यात ये-जा करणाऱ्या गाड्या पावसाळ्यात येतात, कारण होल्डरमध्ये पाणी आणि गंज गेलेला असतो. निफाड-दिंडोरीकडच्या गाड्या थंडीच्या दिवसांत येतात, कारण पहाटे दिव्याच्या काचेच्या आतून दव साचलेले असते. गिऱ्हाईक बहुधा नव्या दिव्याला दोष देते. दिवा खराब निघतो हेही खरे, परंतु माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांमध्ये खरा दोष बहुतेक वेळा जुन्या वायरिंगमध्ये किंवा अर्थिंगमध्ये निघतो. जुन्या बल्बची तार पेटायला एक-दोन अँपिअर करंट लागत असल्यामुळे वायरिंगमधून झिरपणारा थोडासा करंट त्या बल्बमध्ये दिसतच नव्हता. एलईडी मात्र काही मिलिअँपिअरवरही उजळतो आणि वर्षानुवर्षे लपलेली गळती उघडी पडते. म्हणून पुढील क्रम हा स्वस्त आणि सोप्या तपासणीपासून सुरू होतो, आणि तो मोडून थेट रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) किंवा नवे दिवे विकत घेण्याची घाई करू नये.

जुना बल्ब परत लावून पाहणे

काढलेले बल्ब फेकून दिले नसतील तर ही तपासणी फुकट होते, आणि एवढी माहिती दुसऱ्या कोणत्याही तपासणीतून मिळत नाही. तक्रार असलेल्या जागी जुना बल्ब लावावा. तक्रार पूर्णपणे गेली, तर वायरिंग त्या बल्बच्या लोडवर व्यवस्थित चालते आहे आणि प्रश्न एलईडीचा किंवा त्याच्या कमी करंटचा आहे. जुना बल्बही मंद लागला, थरथरला किंवा दुसऱ्याच दिव्याबरोबर लागू लागला, तर एलईडीवर आणखी एक रुपयाही खर्च करण्यात अर्थ नाही. दोष वायरिंगमध्ये आहे. एका वेळी एकच बल्ब बदलावा. चारही एकदम बदलले तर तक्रार कोणत्या कोपऱ्याने घालवली हे कळत नाही.

दिव्याची दिशा, कॅप आणि रंग

पार्किंगचे छोटे पाचरीच्या बुडाचे ५ वॅटचे बल्ब आणि रूफ लाइटचे दोन टोकांचे नळकांडी बल्ब कसेही बसतात, परंतु त्यांच्या जागी येणाऱ्या साध्या एलईडीला अधिक आणि उणे अशा निश्चित बाजू असतात. दिवा लागत नसेल तर तो काढून उलटा करून लावावा. या जातीच्या तक्रारी बऱ्याचदा एवढ्यावरच संपतात.

मागच्या ब्रेक आणि टेल लाइटच्या एकत्रित बल्बकडे अधिक लक्ष द्यावे लागते. त्या बल्बमध्ये ५ वॅटची टेलची आणि २१ वॅटची ब्रेकची अशा दोन तारा असतात, बुडाला दोन ठिपके असतात आणि तो उलटा बसू नये म्हणून बाजूच्या दोन खुंट्या कमी-जास्त उंचीवर ठेवलेल्या असतात. हलक्या एलईडीच्या कॅपवर या खुंट्या नीट बसवलेल्या नसल्या, तर तो जोर लावून उलटाही बसतो. मग ब्रेक दाबल्यावर मंद आणि टेलला प्रखर असा उलटा प्रकार होतो. काही एलईडींमध्ये दोन्ही उजेडांमधला फरक मुळातच इतका थोडा असतो, की मागून येणाऱ्याला ब्रेक दाबल्याचे समजत नाही. गाडी भिंतीजवळ मागे लावून, टेल लाइट चालू ठेवून, दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगावे आणि हा फरक दिवसाच्या उजेडात पाहावा. फरक शोधावा लागत असेल तर तो दिवा स्वस्त असला तरी परत करावा.

रंगाबाबत नियम साधा आहे: लाल काचेमागे लाल एलईडी आणि पिवळ्या काचेमागे पिवळा. तारेच्या बल्बच्या प्रकाशात लाल रंगाचा अंश भरपूर असतो, तसा तो पांढऱ्या एलईडीत नसतो; म्हणून लाल काचेमागून पांढरा एलईडी गुलाबीसर आणि फिका दिसतो.

होल्डर आणि अर्थिंग

येथे थोडा वेळ घालवावा, कारण विचित्र वाटणाऱ्या तक्रारींचे मूळ बहुधा अर्थिंगमध्येच सापडते.

आधी बॅटरीची उणे तार काढावी. होल्डरमध्ये हिरवट किंवा पांढरट थर असेल तर तो बारीक पॉलिश पेपरने आणि काँटॅक्ट क्लीनरने साफ करावा, दबलेल्या पत्त्या हलक्या हाताने वर उचलाव्यात आणि शेवटी पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात द्यावा. त्यानंतर दिव्याच्या संचातून निघालेली अर्थची तार, जी बहुधा काळी असते, ती बॉडीला जेथे स्क्रूने बसवलेली असते ती जागा शोधावी. डिकीच्या गालिच्याखाली किंवा टेल लाइटच्या मागे हा स्क्रू गंजलेला सापडणे ही नेहमीची गोष्ट आहे. तो काढून खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासावा आणि पुन्हा घट्ट करावा. बॉडीला रंगकाम झालेल्या गाडीत त्या स्क्रूखाली रंग गेलेला असतो, आणि रंगातून करंट जात नाही, ही गोष्ट डेंटिंग-पेंटिंग करून देणाऱ्यांच्या सहसा लक्षात राहत नाही.

अर्थ तपासण्यासाठी काही शे रुपयांचा साधा मल्टीमीटर पुरतो. बॅटरीची तार परत जोडावी, मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा, काळी पिन बॅटरीच्या उणे टोकावर आणि लाल पिन होल्डरच्या अर्थच्या पत्तीवर धरावी आणि दिवे चालू करावेत. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असावा. ही मोजणी जुना तारेचा बल्ब लावूनच करायची असते, कारण एलईडी इतका थोडा करंट घेतो, की गंजलेला सांधाही त्याच्या लोडवर निर्दोष असल्यासारखा दिसतो. अर्धवट एलईडी बसवलेल्या संचात हाच घोटाळा उलट दिशेने होतो. ब्रेकला जुना २१ वॅटचा बल्ब, शेजारी इंडिकेटरला किंवा टेलला एलईडी, आणि दोघांचा अर्थ एकच व तो खराब: अशा वेळी ब्रेकचा करंट बॉडीकडे जाण्याची वाट सोडून शेजारच्या दिव्यांतून परतीचा रस्ता शोधतो आणि ब्रेक दाबला की नको तो दिवा उजळतो. अर्थ साफ केल्यावर ही भुताटकी जागेवर थांबते.

सारे बंद असतानाही एखादा दिवा धुगधुगत असेल, तर त्या दिव्याच्या तारेवर किती व्होल्ट शिल्लक आहेत ते पाहावे. ब्रेकच्या बाबतीत पेडलवरचा स्विच हा पहिला संशयित असतो. पेडल बोटाने थोडे वर ओढल्यावर दिवा विझत असेल तर स्विचची बैठक पुढे-मागे करून सरळ करावी.

बॅटरी आणि अल्टरनेटर

इंजिन बंद असताना, गाडी काही तास उभी राहिल्यावर, चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट मिळतात; इंजिन चालू केल्यावर ते १३.८ ते १४.४ च्या आसपास जावेत. इंजिनचा वेग वाढवल्यावर आकडा १५ च्या पुढे सरकत असेल तर अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे. एलईडी महिन्याभरात मरण्याचे कारण मग दुकानदारात शोधायचे नाही. शिवाय हेच व्होल्टेज बॅटरीचे पाणीही उडवते.

दिवे थरथरत असतील तर मीटर एसीवर लावून इंजिन चालू असताना बॅटरीच्याच दोन टोकांवर पुन्हा मोजावे. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसत असेल तर अल्टरनेटरच्या आतील डायोडवर, म्हणजे करंट एकाच दिशेने सोडणाऱ्या भागावर, संशय घ्यावा. तापलेल्या तारेला थंड व्हायला वेळ लागत असल्यामुळे जुन्या बल्बमध्ये ही थरथर जाणवत नव्हती. एलईडी तत्काळ विझतो आणि तत्काळ लागतो, म्हणून तो ती दाखवतो. साधे मीटर हा आकडा काटेकोर देत नाहीत, तेव्हा केवळ त्यावर विसंबून अल्टरनेटर उघडू नये, परंतु तपासून घेण्यास एवढे कारण पुरेसे आहे. एफएमची खरखर दिवे बंद केल्यावर थांबत असेल तर ती एलईडीच्या ड्रायव्हरची, म्हणजे त्याला करंट पुरवणाऱ्या आतल्या सर्किटची आहे आणि त्यावर चांगल्या बनावटीचा दिवा घेणे हाच उपाय आहे.

इंडिकेटरचा वेग आणि फ्लॅशर

जुन्या गाडीत एका बाजूला पुढे २१ वॅट, मागे २१ वॅट आणि फेंडरवर ५ वॅट असे मिळून ४७ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर जवळपास ४ अँपिअर वाहतात. एलईडी बसवल्यावर हाच आकडा अर्ध्या अँपिअरच्या आसपास येतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या छोट्या डबीला, यावरून बल्ब उडाला असे वाटते आणि तो मालकाला कळावे म्हणून मुद्दाम वेगाने टिकटिकतो. त्याहून जुन्या, आतील पट्टी तापून चालणाऱ्या फ्लॅशरला पट्टी तापवण्याइतका करंटच मिळत नाही, म्हणून त्याचा दिवा लागून राहतो किंवा फार संथ चालतो. इंडिकेटर दर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे. मोबाइलवर अर्धा मिनिट लावून मोजता येते.

उपाय दोन आहेत आणि माझा कल पहिल्याकडे आहे. पहिला, लोडवर अवलंबून नसलेला एलईडी फ्लॅशर बसवणे. जुना फ्लॅशर काढून त्याच्या पिना पाहाव्यात. तीन पिनांपैकी एक सप्लायची, एक दिव्यांकडे जाणारी आणि एक अर्थची असते. जपानी धाटणीच्या फ्लॅशरवर त्यांना बी, एल, ई अशी अक्षरे असतात आणि युरोपीय धाटणीच्या फ्लॅशरवर ४९, ४९ए, ३१ असे आकडे असतात. आकार जुळला म्हणून पिनांची जागा जुळतेच असे नाही. जुना फ्लॅशर दोनच पिनांचा असेल तर नव्याची अर्थची वेगळी तार बॉडीला जोडावी लागते. फ्लॅशर बदलल्यानंतर मात्र बल्ब गेल्याची सूचना देणारी वेगवान टिकटिक कायमची बंद होते, त्यामुळे महिन्यातून एकदा गाडीभोवती फिरून चारही कोपरे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

दुसरा उपाय लोड रेझिस्टरचा, म्हणजे जुन्या बल्बसारखा करंट ओढणाऱ्या भागाचा. सोनेरी धातूच्या खोक्यात येणारा ६ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर इंडिकेटरची तार आणि अर्थ यांच्यामध्ये, म्हणजे दिव्याला समांतर जोडतात. १३.८ व्होल्टवर त्यातून २.३ अँपिअर जातात आणि तो जवळजवळ ३२ वॅट उष्णता टाकतो. कसाऱ्याच्या घाटात गाडी बंद पडली आणि हॅझार्ड अर्धा तास चालू ठेवावे लागले, तर हाताला चटका बसेल इतका तो तापतो. तो वायरच्या जुडग्यावर किंवा प्लॅस्टिकवर टाय लावून लटकवलेला मी वारंवार पाहतो. तो पत्र्यावरच स्क्रूने बसवला पाहिजे. ज्या गाडीत फ्लॅशर वेगळा निघत नाही, मोठ्या मॉड्यूलमध्येच असतो, तेथे रेझिस्टरवाचून गत्यंतर नसते. पाकिटावर ‘कॅनबस’ असे लिहिलेल्या महाग दिव्यांच्या पोटात असेच छोटे रेझिस्टर असतात. आपल्या जुन्या गाडीत कॅनबस यंत्रणाच (नव्या गाड्यांतील संगणकीय मॉड्यूल एकमेकांना जोडणारी) नसते, त्यामुळे त्यावर जादा पैसे घालू नयेत.

चारही कोपरे एकदम लुकलुकत असतील तर डॅशबोर्डकडे पाहावे. दोन्ही बाजूंना मिळून हिरवा दिवा एकच असेल, तर तो बहुधा डाव्या आणि उजव्या तारेच्या मध्ये जोडलेला असतो. डावा इंडिकेटर दिला की त्याचा करंट या छोट्या बल्बमधून उजव्या बाजूच्या तारांकडे जाऊन अर्थ होतो. २१ वॅटची तार एवढ्याशा करंटने पेटत नाही, एलईडी पेटतो. खात्रीसाठी प्रत्येक बाजूला एका जागी जुना बल्ब लावून पाहावे. त्याने तक्रार थांबली, तर हिरव्या दिव्याचे एक टोक कायमचे अर्थला देऊन दुसऱ्या टोकाकडे डाव्या आणि उजव्या तारेतून एकेक १एन४००७ डायोड असा जोडावा, की डायोडवरील पांढरी पट्टी हिरव्या दिव्याच्या बाजूला येईल. डायोड अगदी किरकोळ किमतीचे आहेत. त्रास आहे तो मीटर-कन्सोल उघडण्याचा.

हेडलाइट

येथे माझे मत स्पष्ट आहे: तारेच्या बल्बसाठी घडवलेल्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब घालू नये. एच४ बल्बमध्ये, म्हणजे अप्पर आणि डिपर अशा दोन तारांच्या हेडलाइट बल्बमध्ये, डिपरच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते, ती रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर पडणारा उजेड अडवते आणि त्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांखालून जाणारी ठळक रेषा तयार होते. तार, वाटी आणि रिफ्लेक्टर यांची जागा मिलिमीटरमध्ये ठरलेली असते. एलईडीच्या चिपा त्याच जागी, तेवढ्याच जाडीत बसवणे अवघड असते, म्हणून उजेड रेषेच्या वर पसरतो. मालकाला जवळचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो आणि दिवा सुधारल्याचे समाधान मिळते. घाटातल्या धुक्यात मात्र तोच वर पसरलेला उजेड भिंतीसारखा परत येतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आणि १५ वर्षांनंतर ५ वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण करायला पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात गाडी नेली की तिची प्रत्यक्ष तपासणी होते, हेही ध्यानात ठेवावे.

एलईडी आधीच बसवलेले असतील तर भिंतीची चाचणी करावी. अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीत सुट्टीच्या संध्याकाळी सपाट रस्ता आणि लांब कंपाउंड भिंत सहज मिळते. भिंतीपासून १० मीटरवर गाडी सरळ उभी करावी, जुने बल्ब लावून डिपरच्या रेषेवर चिकटपट्टी लावावी. ही रेषा दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण १० ते १५ सेंटीमीटर खाली असावी. मग एलईडी लावून पाहावे. रेषा विस्कटली किंवा पट्टीच्या वर उजेड चढला, तर दिवा काढून ठेवावा. हेडलाइट स्क्रूने आणखी खाली करून हा दोष जात नाही. लांबचा उजेड कमी होतो आणि वरचा पसारा तसाच राहतो.

अप्परचा निळा दिवा न लागण्याचे कारण वेगळे आहे. काही जपानी धाटणीच्या गाड्यांत बल्बच्या तीन पिनांपैकी सामायिक पिनेवर अधिक सप्लाय असतो आणि स्विच डिपर-अप्परच्या तारा अर्थला जोडतो. निळ्या दिव्याला सप्लाय बल्बच्या न पेटलेल्या तारेतून मिळत असतो. एलईडीत ती तारच नसते. जुना बल्ब परत लावला की तो लागतो, आणि तसे झाल्यास त्यामागे अधिक शोधाशोध करू नये. हेडलाइटमागचे रबरी बूट एलईडी बल्बच्या थंड करणाऱ्या पंख्याला अडथळा होतो म्हणून कापलेले किंवा काढून टाकलेले आढळते. त्यातून धूळ आणि पाणी आत जाते, आणि हॅलोजनच्या, म्हणजे मूळच्या तारेच्या बल्बच्या, उष्णतेने जी वाफ सुकत असे ती एलईडीच्या थंड काचेवर तशीच बसून राहते.

मुळात उजेड कमी का पडला होता, हे तपासणे अधिक फायद्याचे असते. इंजिन चालू ठेवून, हॅलोजन लागलेले असताना, बल्बच्या पिनांवर आणि बॅटरीवर व्होल्ट मोजावेत. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येत असेल, तर कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचते तितपतच व्होल्टेज बल्बपर्यंत पोचते. व्होल्टेज १० टक्के घटले तर हॅलोजनचा उजेड जवळजवळ ३० टक्के घटतो. फरक एका व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरीकडून फ्यूजसह थेट सप्लाय घेणारी रिले-वायरिंग आणि मूळचेच ६०/५५ वॅटचे चांगले हॅलोजन लावावेत. उजेड परत येतो, रेषा शाबूत राहते आणि स्विचही वाचतो. ९०/१०० वॅटचे बल्ब मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी घेऊ नयेत. जुना होल्डर त्याने वितळतो.

कोठे थांबावे

फ्यूज बदलल्यावर तो पुन्हा उडत असेल तर तेथेच थांबावे, आणि जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तार कधीही लावू नये, कारण मग फ्यूजऐवजी वायरिंग जळते. वायरचे आवरण गरम किंवा मऊ लागणे, जळका वास येणे, स्विच हाताला तापलेला लागणे, चार्जिंग १५ व्होल्टच्या वर जाणे, यांपैकी काहीही आढळल्यास बॅटरीची तार काढून गाडी अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्यावी. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर स्टिअरिंगजवळचा दिवे-इंडिकेटरचा कॉम्बिनेशन स्विच घरी उघडू नये. सीएनजी बसवलेल्या गाडीत गॅसचा वास येत असताना वायरिंगला हात लावू नये आणि कोणताही स्विच दाबू नये. गाडीपासून दूर होऊन किट बसवणाऱ्या केंद्राला आधी बोलवावे.

गाडी कारागिराकडे देताना सगळे जुने बल्ब, काढलेला फ्लॅशर आणि घेतलेली मोजमापे सोबत द्यावीत: बॅटरीवरचे व्होल्ट इंजिन बंद आणि चालू असताना, प्रत्येक कोपऱ्याच्या अर्थचा आकडा आणि कोणता बल्ब लावल्यावर तक्रार थांबली ते. नाहीतर तो हीच सगळी तपासणी पुन्हा पहिल्यापासून करतो आणि त्या वेळेची मजुरी आपण देतो.